सल्ला हवा: मेक्सिकन चित्रकर्तीवर तासभर बोलायचंय. फ्रिदा, की आणखी कोणी?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. आमच्या गावच्या वाचनालयात बायकांचा एक गट दर महिन्याला जमतो, पंचवीस-तीस जणी येतात. पुढच्या खेपेला एखाद्या मेक्सिकन चित्रकर्तीवर बोलायचं मी कबूल केलंय. फ्रिदा कालो घ्यायची हे जवळपास ठरलंच होतं, पण टिपणं काढायला बसले आणि अडले. सहाव्या वर्षी पोलिओ, १९२५ मध्ये बस आणि ट्रामची टक्कर, मोडलेला कणा, १९२९ मध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराशी लग्न, घटस्फोट, पुन्हा त्याच्याशीच लग्न, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. चार पानं भरली आणि त्यात एकाही चित्राबद्दल धड ओळ नाही.

गेल्या वर्षी व्हॅन गॉगवर बोलले होते. पिवळ्या रंगावर जीव तोडून बोलले, आणि शेवटी सगळे प्रश्न आले ते कापलेल्या कानावर. ते अजून सलतंय. यंदा बायकांनी घरी जाताना चित्र डोळ्यांत घेऊन जावं अशी फार इच्छा आहे. फ्रिदाच घ्यावी का? घेतली तर सुरुवात कुठून करू? की तिच्या बरोबरीची दुसरी कोणी आहे? गटातल्या बहुतेक जणींनी चित्रप्रदर्शन असं कधी पाहिलेलं नाही, एवढं लक्षात घेऊन सांगा.

मेथीची जुडी

ताई, फ्रिदा सोडू नका, फक्त चरित्रापासून सुरुवात करू नका. 'दोन फ्रिदा' हे १९३९ चं चित्र पडद्यावर लावा आणि पाच मिनिटं काहीच बोलू नका. दोघी शेजारी बसल्यात, हातात हात. एकीच्या अंगात पांढरा लेसचा युरोपीय झगा, दुसरी मेक्सिकोतल्या पारंपरिक तेहुआना पोशाखात. दोघींची हृदयं उघडी आणि एकच रक्तवाहिनी दोघींमधून गेलेली. पांढऱ्या झग्यातलीने ती चिमट्याने दाबून धरली आहे, तरी मांडीवर रक्त सांडतंय. कॅनव्हास जवळपास पावणेदोन मीटर लांब-रुंद आहे, हे आवर्जून सांगा. तिची बरीच चित्रं हातात धरता येतील एवढी लहान आहेत, त्यामुळे हे मोठं चित्र काढणं हा तिचा निर्णय होता हे कळतं. लग्न आणि घटस्फोटाचं नंतर आपोआप निघेल.

दक्षिणवारा

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं मेक्सिको सिटीत राहिलो. माझं मत स्पष्ट आहे: मारिया इस्किएर्दो घ्या. फ्रिदाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तुमच्या गटातल्या बायका आपल्या घरात ज्या वस्तू हाताळतात, त्या वस्तूंना इतक्या मानाने चित्रात बसवणारी दुसरी चित्रकर्ती मला माहीत नाही.

थोडक्यात चरित्र. जन्म १९०२, हालिस्को प्रांतातल्या सान हुआन दे लोस लागोस या गावी. हे गाव म्हणजे मेक्सिकोतलं मोठं तीर्थक्षेत्र. तिथे नवस फेडायला लोक पत्र्यावर रंगवलेली छोटी चित्रं देवळात वाहतात: आजारी मूल, उलटलेली गाडी, वर कोपऱ्यात माता मेरी, खाली आभाराच्या दोन ओळी. लहानपणी डोळ्यांपुढे हे आणि गावोगाव फिरणारी सर्कस. चौदाव्या वर्षी घरच्यांनी एका लष्करी माणसाशी लग्न लावून दिलं. विशीच्या आतच पदरात तीन मुलं. १९२३ च्या सुमारास राजधानीत आली, नवऱ्यापासून वेगळी झाली आणि १९२८ मध्ये, तीन मुलांची आई असताना, सान कार्लोसच्या कलाशाळेत नाव घातलं.

पुढच्या वर्षी रिव्हेरा तिथला संचालक झाला. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात त्याने वाखाणली ती चित्रं नेमकी हिची निघाली. बाकीच्या पोरांनी तिच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतलं. तिने पुढे लिहून ठेवलंय की त्या काळी बाई म्हणून जन्माला येणं हाच गुन्हा होता, आणि त्यातून अंगात कला असली तर विचारूच नका. ती शाळेतून बाहेर पडली. रुफिनो तामायो या चित्रकाराबरोबर काही वर्षं एकाच स्टुडिओत काम केलं. १९३० मध्ये न्यूयॉर्कला तिचं एकल प्रदर्शन भरलं. अमेरिकेत एकल प्रदर्शन भरलेली ती पहिली मेक्सिकन स्त्री मानली जाते. फ्रिदाचं तिथलं प्रदर्शन १९३८ चं, म्हणजे आठ वर्षं नंतरचं.

आता चित्रं. 'आल्तार दे दोलोरेस' नावाने तिने चाळीसच्या दशकात बरीच चित्रं काढली. गुड फ्रायडेच्या आदल्या शुक्रवारी दुःखी मातेसाठी घरोघरी वेदी मांडतात, तिचीच ही चित्रं. मध्ये मेरीची तसबीर, कडेला पडदे, खाली पायऱ्यांवर मेणबत्त्या, नक्षी कातरलेला कागद, संत्र्यांत खोचलेल्या सोनेरी कागदाच्या पताका, काचेच्या भांड्यांत रंगीत पाणी. आणि अंधारात उगवलेल्या गव्हाच्या कुंड्या. आमच्या घरमालकीणबाईंकडे मी ही मांडणी पाहिली तेव्हा ते फिकट, लांब, उजेड न पाहिलेले अंकुर बघून मला आईने बसवलेला नवरात्रातला घट आठवला. तसाच पिवळसर रंग, तसेच एका बाजूला झुकलेले.

माझ्या मते इथूनच सुरुवात करा. तुमच्या बायकांना समजावून सांगावं लागणार नाही.

रंगपेटी

दक्षिणवारा, तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला. काल रात्री ही चित्रं शोधून पाहिली. आयुष्यभर मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी वस्तुचित्र शिकवलं. पोरं त्याला कंटाळायची, तांब्या-पेला-वांगं मांडलं की तोंडं वाकडी व्हायची. हिच्याकडे वांगं-टोमॅटोला जी प्रतिष्ठा आहे ती पाहून मला अक्षरशः भरून आलं. एक मासा आहे, तांबडा, मोठा, आणि मागे लांबच लांब उजाड माळ पसरलेला. त्या चित्राबद्दल आणखी सांगाल का?

दक्षिणवारा

ते १९४६ चं, 'नातुरालेसा व्हिवा' मालिकेतलं. नावात गंमत नाही, ठाम विचार आहे. वस्तुचित्राला स्पॅनिशमध्ये 'मेलेला निसर्ग' अशा अर्थाचा शब्द आहे. तिने तो पालटून 'जिवंत निसर्ग' केला. मासा, फळं, शिंपले पुढे, अगदी आपल्या अंगावर येतील असे, आणि मागे ओसाड जमीन. ताई, शिक्षिका म्हणून तुम्ही यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलाल. मांडणी टेबलावर न ठेवता उघड्या माळावर ठेवली की वस्तूचं वजन कसं बदलतं, हे तुम्हीच दाखवा.

कुंचला आणि कोयता

मारियाबद्दल बोलताना भित्तिचित्राची गोष्ट गाळू नका, कारण तिच्या कामावर त्या एका निर्णयाची सावली पुढे कायम राहिली. १९४५ मध्ये मेक्सिको सिटीच्या प्रशासनाच्या इमारतीतला जिना रंगवायचं काम तिला मिळालं. करार झाला, आराखडे तयार झाले. मग रिव्हेरा आणि सिकेरोस या दोन मोठ्या भित्तिचित्रकारांनी तिला भिंतीवर रंगवण्याचा अनुभव नाही असं मत दिलं आणि काम काढून घेतलं गेलं. ज्याने तिला पहिल्यांदा उचलून धरलं तोच रिव्हेरा! कमी महत्त्वाची दुसरी जागा देऊ केली ती तिने नाकारली. मला येतं हे दाखवायला तिने 'संगीत' आणि 'शोकांतिका' अशी दोन फ्रेस्को स्वतंत्र फलकांवर केली, आणि वर्तमानपत्रांतून उघडपणे भांडली. बड्या लोकांशी जाहीर भांडण घेण्याची किंमत तिने मोजली.

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा. गिलावा सुकायच्या आत तेवढा तुकडा पुरा झाला पाहिजे, चुकलं तर खरवडून पुन्हा लिंपायचं. अवघड काम आहे, पण शिकता येणारं आहे. बाईला जमणार नाही म्हणावं तर १९३६ मध्येच आउरोरा रेयेस हिने मेक्सिको सिटीतल्या एका शाळेत भित्तिचित्र केलं होतं. विषय: खेड्यातल्या शिक्षिकेवरचा हल्ला. एक जण तिला केस धरून ओढतोय, दुसरा बंदुकीचा दस्ता मारतोय, आणि खांबाआडून मुलं बघतायत. गावोगावी शिकवायला गेलेल्या शिक्षकांवर त्या वर्षांत खरोखर हल्ले होत होते. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, हे एक चित्र तरी नक्की दाखवा.

जुईली

मी रेमेदिओस व्हारो सुचवणार होते, पण ती मूळची स्पेनची, युद्धामुळे १९४१ मध्ये मेक्सिकोत आली. तुमच्या विषयात नीट बसत नाही. तिच्यावर पुढे कधीतरी वेगळा तास घ्या.

इस्किएर्दोचं १९४७ चं 'स्वप्न आणि पूर्वसूचना' दाखवणार असाल तर एक विनंती. त्यात ती खिडकीत उभी राहून स्वतःचंच कापलेलं डोकं बाहेर धरून आहे, केस झाडाच्या फांद्यांत गुंतलेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, तिला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. लोक लगेच 'तिला आधीच कळलं होतं' म्हणतात आणि चित्र तिथेच संपतं. तुमच्याकडे पुन्हा कापलेल्या कानासारखं होईल. आधी ते केस आणि त्या फांद्या पाहू द्या, आजारपण मागाहून सांगा. ती त्यानंतरही प्रयत्नपूर्वक रंगवत राहिली आणि १९५५ मध्ये गेली, हेही सांगा.

मेथीची जुडी

दक्षिणवारा यांचं वाचून माझं मत बदललं. ताई, मारियाच घ्या. फ्रिदाचं एकच चित्र शेजारी ठेवा, तिचं १९५४ चं कलिंगडांचं. लालभडक फोडी आणि एका फोडीवर 'व्हिव्हा ला व्हिदा', म्हणजे 'जीवन चिरायू होवो', लिहिलेलं. मारियाच्या माशाशेजारी ते लावलं की दोघींचा हात किती वेगळा आहे ते कुणालाही दिसेल.

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. वेदीची दोन चित्रं, मग मासा आणि शेजारी कलिंगडं, मग भित्तिचित्राची हकिगत आणि आउरोराची शिक्षिका, शेवटी ते खिडकीतलं. जन्मसाल, लग्न वगैरे फळ्यावर चार ओळींत लिहून ठेवते, त्यावर बोलणार नाही.

आणि एक सुचलंय. टेबलावर खरीच वेदी मांडावी. पताका कातरायला नात तयार आहे, संत्री मिळतील, रंगीत पाण्याला माझ्याकडे काचेच्या बरण्या आहेत. दक्षिणवारा, तुमच्या घरमालकीणबाई गहू किती दिवस आधी पेरायच्या? कार्यक्रमाला बरोबर अठरा दिवस आहेत.

दक्षिणवारा

साधारण दोन आठवडे आधी. एक रात्र भिजवायच्या, मग उथळ वाडग्यात ओल्या कापसावर दाट पसरायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या. एक दिवसाआड पाणी शिंपडा, साचू देऊ नका, कुजतात. कपाट उघडं राहू देऊ नका, जरा उजेड लागला की हिरवे होतात. चार दिवसांनी सुरुवात केलीत तरी वेळेत होईल.