डम शराज, अंताक्षरी सोडून काय? आठ जणांना मनातलं बोलतं करणारे खेळ सुचवा

घाटकोपरी_चकली
शनिवारी आमच्याकडे वन बीएचकेत आठ जण जमतायत. सगळे कॉलेजचे, त्यात दोन जोडपी. 'ट्रुथ ऑर डेअर' नको, शेवटी चावटपणावरच जातं. विकतची कार्डंही नकोत. कर्जतवाल्यांना लोकल गाठायची असते, त्यामुळे साडेअकराला आवरायचंय.

तिसरी_घंटा
आठांचं एक रिंगण करू नका. माणशी तीन मिनिटं धरली तरी एका प्रश्नाला २४ मिनिटं जातात, आणि चौथ्याची पाळी येईतो बाकीचे वेफर्सचा फडशा पाडतात. चार-चारचे दोन गट करा, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. जोडपी फोडा. जोडीदार समोर असला की माणूस त्याच्याकडे बघून उत्तर देतो.

प्रत्येक गटाला १२ चिठ्ठ्या पुरतात. तीन रंगांचे कागद घ्या, दर रंगाच्या चार चिठ्ठ्या: हलके, मधले, खोल. रंगांची सरमिसळ नको, पहिलीच चिठ्ठी जड निघाली तर तिथेच विनोद सुरू होतात.

खरी मेहनत प्रश्नांवर घ्या. "आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख कोणतं?" विचारलं की माणूस गप्प होतो, कारण त्याला आधी सगळी दुःखं मोजावी लागतात. त्याऐवजी "आईचा किंवा वडिलांचा कोणता स्वभाव आपल्यात उतरलाय असं हल्ली जाणवलं?" असं विचारा. प्रश्नात काळ किंवा माणूस असला की उत्तर सुचतं.

अर्धा_कटिंग
वरच्याला +१. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांचे १९९७ सालचे, दोन माणसांत जवळीक वाढवणारे ३६ प्रश्न असेच चढत्या क्रमाने आहेत: १२-१२ चे तीन संच, एकूण ४५ मिनिटं. पण ते दोघांसाठी आहेत. दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हा त्यातला कळीचा नियम. 'ट्रुथ ऑर डेअर' फसतं ते इथेच: एक उघडा पडतो, बाकीचे प्रेक्षक. म्हणून चिठ्ठी ज्याने उचलली त्याने आधी उत्तर द्यायचं, मग गटातल्या सगळ्यांनी. (त्यासोबत लोक जे चार मिनिटं डोळ्यांत डोळे घालून बसायला सांगतात, ते त्या ३६ प्रश्नांत नाही. आठ जणांत ते करायला जाऊ नका, हसून लोळाल.)

शाई_संपली
सुरुवातीला 'चिठ्ठी कुणाची?' खेळा, संकोच मोडतो. एकच प्रश्न, सगळ्यांनी एका ओळीत उत्तर लिहून वाडग्यात टाकायचं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. पेनं आणि कागद सारखेच द्या. जुने मित्र अक्षर ओळखतात, म्हणून देवनागरीत सुटी सुटी अक्षरं काढायला सांगा. आठ चिठ्ठ्यांना २० मिनिटं धरा. ओळखून झाल्यावर "असं का लिहिलंस?" एवढंच विचारायचं, त्यावर सल्ला द्यायचा नाही.

घाटकोपरी_चकली
भारी! पण कुणाला उत्तर द्यायचंच नसेल तर?

तिसरी_घंटा
ताई, प्रत्येकाला दोन पास. पास म्हणून काड्यापेटीतल्या दोन काड्या हातात द्या. काडी टाकली की कारण विचारायचं नाही. दोन्ही संपल्या तर तिसरी मागून घ्यायची, तीही द्यायची. आणि फोन स्वयंपाकघरात ठेवा, कर्जतवाल्यांसाठी सव्वाअकराचा गजर लावून.