'नाटकी' आणि 'नाट्यमय' यांच्यातली रेघ कुठे ओढायची?

प्रश्न : अंत्रुजकर

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी देवळासमोरच्या मांडवात संगीत नाटक होते आणि गेली बारा वर्षे मी त्यात भूमिका करतो. पणजीला लघुपट करणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा माझा एक प्रवेश मोबाइलवर चित्रित करून मला दाखवला. मुलगा गेल्याची वार्ता ऐकून मी दोन पावले मागे सरतो, डावा हात खांबाकडे जातो आणि मग पद सुरू होते. मांडवात त्या क्षणी शेवटच्या खुर्चीपर्यंत शांतता होती; पडद्यावर मात्र मी मलाच खोटा वाटलो. "मामा, फार नाटकी आहे हे," एवढेच तो म्हणाला. 'नाट्यमय' ही स्तुती आणि 'नाटकी' ही निंदा, हा भेद नेमका कशामुळे पडतो?

उत्तर : विंगेतला

अंतरामुळे, असे माझे मत आहे. मांडवातल्या शेवटच्या प्रेक्षकाला तुमचा चेहरा दिसत नाही, खांदे दिसतात. म्हणून नटाला दुःख खांद्यांपर्यंत आणावे लागते, आणि कॅमेरा वीतभर अंतरावर येताच तेच खांदे ओरडू लागतात. बालगंधर्वांचे उदाहरण बोलके आहे. 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली; पुढे पडद्यावर स्त्रीभूमिकाही करून पाहिली, पण ती चालली नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. (वय हेही एक कारण असणार, हे मान्य.) याउलट आपल्या दशावतारी काल्यातला, म्हणजे कोकण-गोव्याच्या लोकनाट्यातला, राक्षस संकासूर पाहा. काळ्या वेशातली ती लाल जीभ लोंबत आली की पोरे आईला बिलगतात. त्याला कोणी नाटकी म्हणत नाही, कारण मी खराखुरा आहे असा दावाच तो करत नाही. तेव्हा भाच्याने चुकीच्या जागेवरून पाहिले, एवढेच म्हणता येईल.

उत्तर : मडगावचा श्रोता

अंतराचा मुद्दा मला अपुरा वाटतो, कारण सार्वजनिक जीवनात अगदी हातभर अंतरावरूनही नाटकीपणा ओळखू येतो. एका रस्त्याच्या पायाभरणीला मी हजर होतो. नेत्यांनी नारळ वाढवला, तोवर छायाचित्रकार पोहोचला नव्हता, म्हणून दुसरा नारळ मागवून तेच स्मित, तीच मान आणि तोच हात पुन्हा झाला. पहिल्या नारळाचे पाणी मातीत जिरायचे होते. आता 18 जून 1946 आठवा. भर पावसात मडगावच्या सभेत समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, पोर्तुगीज प्रशासकाने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याला बाजूला सारले. एवढा नाट्यमय प्रसंग एखाद्या नाटककाराने लिहिला असता, तर आपण भडक म्हणून हसलो असतो, पण तिथे तो हात समोरच्या पिस्तुलासाठी होता, पाहणाऱ्यांसाठी नव्हता. कार्निव्हालचा किंग मोमोही मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो: तीन-चार दिवसांचे राज्य, पुठ्ठ्याचा मुकुट, आणि हे सोंग आहे हे राजा व प्रजा दोघांनाही ठाऊक.

अंत्रुजकर

दोघांचेही आभार. काल तो प्रवेश पुन्हा पाहिला. दोन पावले मागे सरणे मला आजही खरे वाटते, कारण तेव्हा पाय आपसूक सरले होते. हात मात्र आधारासाठी खांबाकडे जात नव्हता. पहिल्या वर्षी तिथे टाळी मिळाली होती, म्हणून तो दरवर्षी जात राहिला. पुढच्या जत्रेला भाच्याला शेवटच्या रांगेत बसवणार आहे, आणि खांब मी नेपथ्यवाल्याला काढूनच टाकायला सांगितला आहे.