विषय: कोल्हापूरला रॉकेटचं किट न्यायचंय, मोटरचं काय?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात माहेरी कोल्हापूरला चाललेय. उन्हाळ्यात इथं अमेरिकेत मराठी मंडळाच्या पिकनिकला पोरांनी ती छोटी एस्टेस कंपनीची रॉकेटं उडवली होती, त्याचा व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून भाच्यानं डोकं खाल्लंय, आत्या येताना रॉकेट आण. सहावीत आहे. किट घेतलं, मोटरचं (रॉकेटच्या बुडाशी बसते ती दारू भरलेली नळी) पाकीट पण घेतलं, बी६-४ चं. आता नवरा म्हणतोय ते बॅगेत टाकू नकोस, एअरपोर्टवर बाजूला घेतील. चेक-इनमध्ये तरी चालत असेल ना? आणि ते बी६-४ म्हणजे नक्की काय, कारण भाचा पहिलं तेच विचारणार.

— माहेरवाशीण, एडिसन

*

वहिनी, मोटर कशाला नेताय, कोल्हापुरात दिवाळीचे बाण मिळतातच की. दोन-चार सोलायचे, दारू काढायची, पुठ्ठ्याच्या नळीत ठोकून भरायची, झाली मोटर :)

— पुणेकर, डॅलस

*

पुणेकर, असला नाद करू नका आणि मंडळाच्या या मेल-लिस्टवर लिहू तर अजिबात नका, इथं पोरंही वाचतात. दारू ठोकताना एक ठिणगी पुरते, आणि भरणात भेग राहिली तर सगळी एकदम पेटते, मग ते रॉकेट राहत नाही, बॉम्ब होतो. तुमच्या अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात पोरं हेच करत होती आणि हात भाजून घेत होती, म्हणून तर कारखान्यात भरलेली मोटर आली. पहिली बनवली ऑर्व्हिल कार्लाइलनं, १९५४ च्या आसपास, नेब्रास्कात त्याचं बुटांचं दुकान होतं (चपलांच्या गावात राहतो म्हणून हे माझ्या बरोबर लक्षात राहिलंय). मग १९५८ मध्ये व्हर्न एस्टेसनं त्या भरायचं मशीनच केलं.

आता ताई तुझं. मोटर विमानात न्यायचीच नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, इग्नायटर (ती पेटवायची तार) पण तिथंच ठेव. आत काळी दारूच असते. आणि इकडं १८८४ चा स्फोटकांचा कायदा अजून चालू आहे, परवानगी लागते, ते ऑफिस नागपूरला, आणि एका पाकिटासाठी कोण ती उस्तवार करणार. मंडळात कुणाला तरी देऊन टाक, पुढच्या पिकनिकला उडेल.

बी६-४ असं सांग: अक्षर म्हणजे एकूण जोर किती. ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदापर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, प्रत्येक अक्षराला दुप्पट. ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा रेटा, म्हणजे भागाकार केला तर सगळं जळणं एका सेकंदाच्या आत आटपतं. ४ म्हणजे जळून संपल्यावर चार सेकंद नुसतं वर जात राहायचं आणि मग आतली छोटी दारू उलट्या बाजूला उडून नाक आणि पॅराशूट बाहेर ढकलते. भागाकार भाच्यालाच करू दे.

आणि खरं सांगू, मोटर आली असती तरी डिसेंबरात मी इथं उडवू दिली नसती. कारखाने चालू असतात, ऊसतोड जोरात, मोकळं रान म्हणून जे दिसतं त्यात वीतभर पाचट पडलेलं असतं, कडक वाळलेलं. त्यात जळती ठिणगी पडली की शेजारचा उभा ऊस पण गेला. मग शेतकरी रॉकेट बघायला नाही, आपल्याला बघायला येतो.

तर किट घेऊन ये, मोटर सोडून. पोरानं बांधायचं ते आणि तिथंच खरं शिकणं आहे, उडणं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं. नळीवर फिनसाठी (शेपटीच्या पंखांसाठी) सरळ रेघ कशी मारायची ते दाखव: दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी आडवी टेकवायची आणि चौकटीच्या कडेनं पेन्सिल ओढायची, रेघ वाकडी जाऊच शकत नाही. तीन फिनसाठी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून तिचे तीन सारखे भाग कर. फिन बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) असतील तर लाकडाचे रेषे फिनच्या पुढच्या कडेला समांतर पाहिजेत, आडवे असले की पहिल्या आपटीत तुकडा पडतो. फेविकॉल बास आहे. एकदा बारीक रेघ, वाळू दे, मग सांध्यावर दोन्ही बाजूंनी परत फेविकॉल आणि बोट फिरवायचं. घाई केली की फिन कलते, आणि कललेली फिन फेविकॉलनं सरळ होत नाही.

उडवायला मात्र दुसरं रॉकेट करू, बाटलीचं, पाण्याच्या जोरावर उडणारं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घे. मिनरल वॉटरची नको, ती पातळ असते, कोल्ड्रिंकची गॅसचा दाब सोसायलाच केलेली असते. एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, सायकलचा गेजवाला पंप, ४० ते ५० पीएसआय (गेजवरचा दाबाचा आकडा), त्याच्या वर कुणी कितीही चढवलं तरी जायचं नाही. बाटलीला सँडपेपर नाही, हॉट ग्लू नाही, दोन्हीनं प्लास्टिक कमजोर होतं. फिन सनपॅक बोर्डाच्या (पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याच्या), चिकटपट्टीनं, कारण त्या प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. नाकाला टोकदार काही नको, अर्धा कापलेला टेनिस बॉल आणि आत शाडूचा गोळा.

शाडू वजनासाठी. दोरीची टेस्ट करायची, अगदी सोपी आहे. रिकामी बाटली, फिन-नाक सगळं लावलेलं, दोरीवर आडवी तोलून जिथं समतोल राहते तिथंच बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायची. नाक पुढं राहिलं तर चांगलं. शेपूट पुढं येत असेल किंवा कोलांट्या मारत असेल तर नाकात अजून शाडू, नाहीतर फिन मोठ्या. ही टेस्ट झाल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही.

बाटलीच्या तोंडात बसायचं बूच इथल्या उद्यमनगरात करून घेऊ. माझ्या ओळखीचा टर्नर आहे, पितळेच्या तुकड्याला लेथवर ओ-रिंगची (रबरी कड्याची) खाच मारून मधून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवून देईल, वर खटका आणि खटक्याला वीस फूट दोरी. दाब भरलेल्या बाटलीजवळ कुणी जायचं नाही, दोरी ओढूनही सुटलं नाही तर आधी हवा सोडायची आणि मगच बघायचं काय अडकलंय.

— काका, कोल्हापूर (मंडळाचा जुना खजिनदार, लिस्टवरून अजून कुणी काढलं नाही)

*

काका चिडू नका, गंमत केली. पण पाणी कशाला? नुसती हवा भरून सोडली तर हलकं जास्त उंच जाईल की.

— पुणेकर

*

सोडून बघा. फट्ट करून थोडं जाईल आणि खाली येईल. मागं जितकं वजन जोरात फेकाल तितकं पुढं ढकललं जाणार, आणि हवेला वजन ते किती. पाणी जड म्हणून फेकायला पाणी, आणि दाब धरून ठेवायला हवा. तसं पाणी काठोकाठ भरलं तरी उडत नाही कारण मग दाबून ठेवायला हवाच नाही. भाच्याला पाव बाटली, अर्धी बाटली, पाऊण बाटली, सगळं करून बघू दे, दाब तोच ठेवून. पिन मारलेल्या वहीत लिहून ठेवायचं.

— काका

*

काका, भारी! मोटरचं पाकीट आजच शेजारच्या देशपांड्यांकडे देते. बाटलीचं माप इकडून पाठवू का टर्नरला? आणि उडवायचं कुठं, गांधी मैदान चालेल?

— माहेरवाशीण

*

माप नको, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड सगळीकडं जवळपास तेच, आतून साधारण २२ मिलिमीटर, इथलीच बाटली नेऊन दाखवतो. गांधी मैदानात सकाळपासून क्रिकेट, रंकाळ्यावर फिरणारी माणसं, उजळाईवाडीकडं विमानतळ, त्या बाजूला तर नावच काढायचं नाही. माझ्या मेव्हण्याचं कळंब्याकडं रान आहे, ऊस तुटून पाचट कुट्टी करून झालंय, आजूबाजूला तारा नाहीत. फक्त पूर्वेला त्याच्या भावकीचा ऊस अजून उभा आहे, त्यात रॉकेट गेलं तर शोधायला मी जाणार नाही. तेव्हा वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी मिसळ खाऊन घरी.

येताना गेजवाला पंप आण, इथं मिळतो पण काटा खोटं बोलतो.

— काका