घरभेटींचा उपयोग कुठे होतो, कुठे अडतो

नर्सने आईच्या घरी जाऊन तिला बाळाच्या काळजीत मदत करायची, अशा घरभेटींनी मुलांची हेळसांड कमी होत नाही, असं काही जण म्हणतात. होते, पण भेटी पुरेशा हव्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा शहरात संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांच्या प्रयोगात नर्स पहिलटकरणींकडे गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि पुढे बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत २३ वेळा गेल्या. बाळ भुकेने रडतंय की झोपेला आलंय, हे आईशेजारी बसून ओळखायला शिकवलं. १५ वर्षांनंतर मुलांवरच्या अत्याचार-हेळसांडीच्या नोंदी, अशा भेटी न मिळालेल्या घरांच्या तुलनेत, जवळपास निम्म्या निघाल्या. मात्र जोडीदाराची मारहाण वारंवार होणाऱ्या घरांत हा फायदा दिसलाच नाही! म्हणून मारहाणीबद्दल सुरुवातीच्या भेटींतच विचारायला हवं, आणि तेही आई एकटी असताना. जोडीदार पलीकडच्या खोलीत असला तरी उत्तर बदलतं.