ठाणे-ऐरोलीकडे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे असते? स्वतःसाठी विचारतोय

ऐरोलीकर४३

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहतो, रबाळे एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. दारू १८ वर्षं, त्यातली शेवटची ५-६ वर्षं जवळजवळ रोज, आता क्वार्टरवर भागत नाही. मी कायम स्वतःला हेच सांगत आलो की गटारी झाली की श्रावण पूर्ण पाळतो ना, महिनाभर थेंब नाही, मग मी बेवडा कसा. यंदा श्रावणात आठव्याच दिवशी प्यायलो आणि बायकोला सांगितलं खोकल्याच्या औषधाचा वास आहे. ती काही बोलली नाही, मुलीला घेऊन आतल्या खोलीत जाऊन झोपली. ते डोक्यातून जातच नाहीये.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल ऐकलंय पण नक्की जायचं कुठे, पैसे किती, आधारकार्ड वगैरे लागतं का? सेक्टरमधलं कुणी ओळखीचं भेटलं तर? एकजण म्हणाला चर्चमध्ये असतात मीटिंगा, आमचं घर वारकरी, आई माळकरी, तिला काय सांगू? आणि मराठीत बोलतात का, इंग्लिश आपलं जेमतेम.

आजचा_दिवस_ठाणे

भाऊ, श्रावणाचं वाचून थांबलोच, मीपण ११ वर्षांपूर्वी हेच बोलायचो. श्रावणात सगळं लक्ष अमावस्या कधी संपते, गणपती कधी येतात याच्यावर असायचं, म्हणजे प्यायचो नाही तरी डोक्यात दारूच होती.

पैसे नाहीत, फॉर्म नाही, आधार नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. मीटिंगमध्ये एक डबा फिरतो, वाटलं तर दहा-वीस टाका नाहीतर पुढे सरकवा, बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेतच नाही. शाळेचे, चर्चचे हॉल संध्याकाळी मिळतात म्हणून तिथे भरतात, ए.ए.चा कुठल्याच धर्माशी संबंध नाही. दारू सोडण्याच्या ए.ए.च्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांत देवाचा उल्लेख आहे पण 'आपल्याला जसा समजला तसा', तुमच्या घरात तो विठोबा, बस. आईला हेच सांगा.

ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर गावानुसार मीटिंगा आहेत, वार, वेळ, भाषा. जागा बदलत राहतात म्हणून हेल्पलाइनला फोन करून मगच निघा, मराठी मीटिंग कुठली तेही तिथेच विचारा. 'ओपन' मीटिंगला घरचे पण येऊ शकतात, 'क्लोज्ड' फक्त आपल्यासारख्यांची. ऐरोलीत नको वाटत असेल तर ठाण्याला या, ट्रान्सहार्बरने दिघा गेलं की ठाणंच. ओळखीचं कुणी भेटलंच तर तोही त्याच कामासाठी आलेला असणार ना. पहिल्या दिवशी 'मी ऐकायला आलोय' म्हटलं तरी चालतं, आडनाव कुणी विचारत नाही.

१९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात हे सुरू झालं ते असंच. कामासाठी आलेल्या एका शेअर दलालाला हॉटेलात प्यायची हुक्की आली आणि त्याने बारकडे जायच्या ऐवजी फोनाफोनी करून दुसरा दारुडा शोधला बोलायला. तो एक सर्जन निघाला. उपदेशाने सर्जनची सुटली नव्हती, बोलून सुटली, आणि दलालाची सुटलेली टिकली. तुम्ही इथे लिहिलंत ते तेच केलंत.

कळव्याची_सिस्टर

मी नर्स आहे, वॉर्डात बघते म्हणून सांगते. दादा, सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का? तसं असेल तर घरी एकदम बंद करू नका. रोजची सवय असताना अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, माणूस दगावूही शकतो. आधी डॉक्टर, ते गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिन देऊन नीट सोडवतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा, सरकारी आहे, लाजू नका. १४४४६ हा सरकारचा टोल फ्री नंबर व्यसनासाठीच आहे. मीटिंग आणि डॉक्टर दोन्ही एकदम चालतं.

घणसोलीची_वहिनी

हे तुमच्या बायकोसाठी लिहितेय, तिला वाचायला द्या. ताई, जाहिरातीतली दारू सोडवायची पावडर डाळीत मिसळू नकोस. मी मिसळली, हे वरून प्यायले आणि छातीत धडधड, बीपी एकदम खाली, रात्रभर आयसीयूच्या बाहेर बसले होते. असलं औषध घेणाऱ्याला माहीत असूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे ग्रुप आहेत, १९५१ पासून. हे दोन वर्षं मीटिंगला आले नाहीत, मी एकटी जायचे. बाटल्या मोजणं, खिसे तपासणं, ह्यांच्या कंपनीत फोन करून ताप आलाय सांगणं, हे सगळं तिथे जाऊन सुटलं माझं. मुलांवर ओरडायचं कमी झालं. हे नंतर आले.

ऐरोलीकर४३

सगळ्यांचे आभार. सिस्टर, हात थरथरतात, म्हणून सोमवारी ओपीडीला गेलो, गोळ्या चालू आहेत. काल ठाण्याला मीटिंगला गेलो. गेटवरून एकदा परत फिरून स्टेशनपर्यंत आलो होतो, मग पुन्हा गेलो. एका काकांनी चहा हातात दिला आणि बाजूला बसवलं, काही विचारलं नाही. माझी पाळी आली तेव्हा फक्त नाव सांगितलं, पुढचा शब्द निघाला नाही, कुणी घाई केली नाही. वहिनी, तुमचं लिहिलेलं बायकोने दोनदा वाचलं. शनिवारी ओपन मीटिंग आहे, ती येते म्हणालीय. सेकंड शिफ्ट बदलून घेतलीय.