शब्दचर्चा : गेमच्या ‘फॅन’ला मराठीत काय म्हणावं?

(सोलापूरकरांच्या ऑनलाइन धाग्यावरची चर्चा. ‘पार्क चौक’, ‘माइक बंद’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

पार्क चौक :

मराठीत ज्याच्या त्याच्या वेडाला वेगळा शब्द आहे. कुस्तीच्या मैदानाला गर्दी करतात ते कुस्तीशौकीन. नाटकाला येतात ते नाट्यरसिक. मैफलीत समेवर ज्याची मान हलते तो दर्दी. खाण्यावर जीव असलेला खवय्या, नटाचा चाहता, पुढाऱ्याचा समर्थक. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला तर खटकतो. ‘कुस्तीचे चाहते’ असं बातमीत छापून आलं की लिहिणाऱ्यानं मैदान पाहिलेलं नाही हे लगेच कळतं.

मग व्हिडिओ गेमवर जीव लावणाऱ्याला काय म्हणायचं? ‘गेमर’ म्हणजे खेळणारा, एवढंच. त्यात जीव लावणं येत नाही. ‘चाहता’ सिनेमाच्या पोस्टरवरून आलेला वाटतो. घरात विचाराल तर एकच शब्द ऐकू येतो, ‘नाद’. ‘पोराला गेमचा नाद लागलाय.’ कोल्हापूरकडून ‘नादखुळा’ आला आणि नादाला जरा मान मिळाला, पण आपल्याकडे आईच्या तोंडी नाद अजून तक्रारच आहे. राहिला ‘फॅन’. तो सगळे वापरतात, मीही वापरतो, आणि मला तो पुरत नाही.

कारण सांगतो. इंग्रजीत ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’चा तुकडा आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘फानुम’, म्हणजे देऊळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांना हा शब्द चिकटला. म्हणजे तो पहिल्यापासून बघणाऱ्याचा शब्द आहे, बाहेर बसून ओरडणाऱ्याचा. आपण त्याला वर ‘कट्टर’ जोडतो, ‘कट्टर फॅन’, तेव्हा खरं तर एकच गोष्ट दोनदा म्हणतो.

गेमचा फॅन मात्र बाहेर बसत नाही. त्याचा हात गेममध्ये असतो, आणि कधी कधी गेमच त्याच्या हातची असते. ‘काउंटर स्ट्राइक’ १९९९ साली ‘हाफ लाइफ’चं मॉड म्हणून जन्मली. दोन हौशी पोरांनी मूळ गेम उघडून आपली गेम त्यात बसवली होती. २००० मध्ये मूळ कंपनीनं ती स्वतःची म्हणून बाजारात आणली. ‘डोटा’ही तशीच, ‘वॉरक्राफ्ट ३’च्या खेळाडूंनी घडवलेली. आणि ज्या पबजीनं सोलापुरातल्या गल्लीगल्लीत पोरं कट्ट्यावर माना खाली घालून बसवली तिचं मूळ काय? ‘आर्मा २’ नावाच्या गेमवर कुणी ‘डे झी’चं मॉड केलं, त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीन यांनी ‘शेवटी एकच उरणार’ या नियमाचं मॉड केलं, आणि त्यातून पुढं २०१७ मध्ये पबजी आली. गेमवर जीव असलेल्या माणसांनी एकमेकांच्या कामावर चढवलेले हे थर आहेत. सिनेमाचा चाहता सिनेमा असा पुन्हा शूट करून थेटरात लावू शकत नाही.

म्हणून माझं मत ‘शौकीन’ला आहे. गेमशौकीन. कुस्तीचं मैदान डोळ्यासमोर आणा. अकलूज-पंढरपूरकडं मैदान असलं की पुढच्या रांगेत कान मोडलेले म्हातारे पैलवान बसलेले असतात. वर पोरगा नुसता खांद्यात शिरला की हे खाली बसून ‘ढाक लावतोय’ म्हणून मोकळे होतात. एकलंगी, घिस्सा, कलाजंग सगळे डाव त्यांच्या अंगातून गेलेले असतात. कुस्ती आवडली की खिशातून नोट काढतात, आणि निवेदक भोंग्यावर देणाऱ्याचं नाव गावासकट पुकारतो. आज एखादा पोरगा गेम खेळताना लाइव्ह येतो, बघणारा पन्नास रुपये पाठवतो आणि तो खेळता खेळता त्याचं नाव वाचतो, हे सगळं तेच आहे. बघणारा स्वतः खेळलेला असतो, म्हणून त्याच्या ‘वा’ला किंमत असते.

ज्यांनी गेम पार्लर पाहिलंय त्यांना ‘मुस्तफा’चं मशिन आठवेल. कॅपकॉमच्या त्या १९९३ च्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. ते आपल्याकडं कुणी घेतलं नाही. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावानंच सगळी गेम ओळखली गेली. मशिनसमोर दोघं खेळायचे आणि मागं चौघं-पाच जण उभे असायचे, ज्यांच्या खिशात कॉइनला पैसे नसायचे. त्यांना प्रत्येक स्टेज पाठ. कुठल्या पिंपात खायला निघतं, कुठल्या कोपऱ्यातून गाडी येते, सगळं. ‘उडी मार बे, मागनं यायलाय त्यो!’ हे ते ओरडायचे आणि खेळणारा ऐकायचा. मला शब्द हवाय तो या मागं उभ्या असलेल्या पोरांसाठी.

जुळे सोलापूर :

‘चाहता’ला काय झालंय? सोपा आहे, सगळ्यांना कळतो. ‘गेमशौकीन’ छापील वाटतो. बोलताना कुणी म्हणेल का, ‘मी गेमशौकीन आहे’?

पार्क चौक :

‘मी कुस्तीशौकीन आहे’ असंही कुणी स्वतःबद्दल म्हणत नाही. तो शब्द दुसऱ्यानं द्यायचा असतो. स्वतः बोलताना माणूस ‘मला लई आवड आहे’ म्हणतो, आणि तेवढं पुरतं.

अशोक चौक :

आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी आणि शेजारी कन्नड. त्यामुळं एक शब्द सुचवतो, जो तुमच्या यादीत नाही. तेलुगूत फॅनला ‘अभिमानी’ म्हणतात, अनेक असले की ‘अभिमानुलु’. कन्नडमध्येही ‘अभिमानी’च. कन्नड नट राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळे’, म्हणजे अभिमानी देवांनो, अशी हाक मारायचे. लहानपणी मराठी शाळेत ‘अभिमानी माणूस’ म्हणजे गर्विष्ठ असं शिकलो तेव्हा माझा गोंधळ उडायचा, कारण घरी तोच शब्द पडद्यावरच्या हिरोवर जीव टाकणाऱ्या पोरांसाठी होता. तमिळमध्ये तर आपलाच ‘रसिक’ जाऊन ‘रसिगर’ झालाय. मग आपल्या सोलापुरात ‘गेम-अभिमानी’ का नको?

पार्क चौक :

हा शब्द काढलात ते फार बरं झालं. मराठीत एकटा ‘अभिमानी’ गर्विष्ठ होतो हे खरं, पण जोडशब्दात तो तेलुगू-कन्नडच्या जवळ जातो. भाषाभिमानी, देशाभिमानी, धर्माभिमानी. यातला कुणी स्वतःचा गर्व करत नाही, आपल्यापेक्षा मोठ्या गोष्टीचा करतो. तेव्हा ‘अभिमानी’ला जागा आहे, पण दुसऱ्या माणसासाठी. जो एका टीमचा, एका कन्सोलचा (गेम खेळायच्या यंत्राचा), एका स्ट्रीमरचा (लाइव्ह येऊन खेळणाऱ्याचा) झेंडा घेऊन उभा असतो त्याच्यासाठी. प्लेस्टेशनवाला एक्सबॉक्सवाल्याशी भांडतो तेव्हा दोघंही आपापल्या कन्सोलचे अभिमानी. शौकीन असाल तर समोरच्या पैलवानाच्या डावालाही दाद द्यावी लागते. अभिमान्यावर तसं बंधन नाही.

अभिमान वाईट असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट लोकांना पटला नाही. त्यांनी इतका आवाज उठवला की कंपनीनं त्याच वर्षी जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट दिला. तीन भागांत शेकडो निर्णय स्वतः घेऊन इथवर आलेल्या माणसानं ‘माझ्या निर्णयांचं काय झालं’ असं विचारणं मला रास्त वाटतं. पण २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमच्या दुसऱ्या भागातलं एक पात्र आवडलं नाही म्हणून लोकांनी त्या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या. पोरं याला ‘टॉक्सिक फॅन’ म्हणतात. मराठीत यासाठी नेमका शब्द तयार आहे, ‘दुरभिमान’. ‘टॉक्सिक’ म्हटलं की वाटतं बाहेरून कुठलं तरी विष आलं. ‘दुरभिमान’ म्हटलं की चांगली गोष्टच नासली हे कळतं. घडतंही तसंच. धमक्या देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचा त्या गेमवर जीवच होता.

मराठी शिक्षिका :

तुम्हा मुलांचं वाचतेय आणि चांगलं वाटतंय. एक अडचण मांडते. ‘शौकीन’ला आपल्याकडे वास आहे. ‘माणूस शौकीन आहे’ असं हळू आवाजात म्हणतात तेव्हा बाटली नाहीतर बाई, असा अर्थ असतो. त्यात ‘गेम’ शब्दाचीही अब्रू गेलेली. रमीच्या जाहिराती ‘गेम’ म्हणूनच यायच्या, आणि ‘त्याचा गेम केला’ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. वर्गातल्या मुलाच्या वडिलांना मी ‘तुमचा मुलगा गेमशौकीन आहे’ असं सांगितलं तर ते काय समजतील?

पार्क चौक :

बाई, हा मुद्दा खरा आहे. ‘शौकीन’ एकटा उभा राहिला की संशयात सापडतो. मात्र त्याच्या आधी कशाचा शौक ते जोडलं की तो स्वच्छ होतो. कुस्तीशौकीन म्हटल्यावर कुणाच्या मनात बाटली येत नाही. वर अशोक चौककरांचा ‘अभिमानी’ही असाच आहे, एकटा असला की गर्विष्ठ, जोडला की निष्ठावंत.

‘गेम’चं म्हणाल तर तो गोंधळ निस्तरायला सरकारलाही कायदा करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला त्यात ई-स्पोर्ट, सोशल गेम आणि पैसे लावून खेळायची मनी गेम असे तीन वेगळे कप्पे केलेत. तिसऱ्यावर बंदी आहे. वडिलांना आधी हा फरक सांगा, अशी माझी विनंती आहे. आमच्या पिढीचं मोठं दुखणं हेच की रमीत पैसे घालवणारा आणि रात्री मित्रांबरोबर स्क्वॉड (टोळी) करून खेळणारा, दोघांनाही घरात एकच शब्द, ‘गेमचा नाद’. ज्या मुलाला खरंच व्यसन लागलंय, झोप आणि शाळा सुटलीय, त्याला मदत हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आता नोंदलेलं आहे. पण जो मुलगा एखाद्या गेमच्या नकाशावर तासभर प्रेमानं बोलू शकतो त्याच्या प्रेमाला घरात शब्दच नसेल तर तो घरात बोलणं बंद करतो. अशी पोरं मी कितीतरी पाहिली आहेत.

कबड्डीचा जुना गडी :

फॅनचं तुम्ही ठरवा. मला गेमच्या आतल्या शब्दांबद्दल सांगायचंय. पुतण्या खेळताना ‘रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे’ ओरडतो. मी विचारलं, काय द्यायचं? म्हणे, पडलेल्याला भिडूनं उठवायचं. आमच्या कबड्डीत जुने तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक उठायचा. गामिनीत बाद झाला तो बाहेर, अख्खा संघ बाद होईपर्यंत परत येणं नाही. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहायचा, समोरच्याला गुण मिळायचा एवढंच. पुतण्याच्या फोनमध्ये हे तिन्ही आहेत, नावं तेवढी इंग्रजी.

पार्क चौक :

काका, यावर एक वेगळा धागाच काढा! टीम डेथमॅच म्हणजे तुमची अमर. मेला तरी परत तिथंच, गुण समोरच्याला. एकट्यानं खेळायची बॅटल रॉयल गामिनीच्या वळणाची, गेला तो गेला. उठवण्याला ‘संजीवनी’ हा शब्द तर आजच वापरायला घेण्यासारखा आहे. आमचे सोलापूरचे पोरं आत्ता ‘उचल की बे मला’ म्हणतात, तेही छान आहे आणि घाईत तेच तोंडात येणार. पण लाइव्ह मॅचचं मराठीत समालोचन करणाऱ्यानं ‘संजीवनी मिळाली’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. ‘गडी बाद’, ‘रडीचा डाव’, ‘लिंबूटिंबू’ हेही तयार आहेत. नवख्याला ‘नूब’ म्हणून हिणवतात त्यापेक्षा ‘लिंबूटिंबू’ मला कितीतरी आवडतो, कारण लिंबूटिंबूला खेळात घेतलेलं असतं. तो बाद झाला तरी त्याला घरी पाठवत नाहीत.

माइक बंद :

मी मुलगी आहे आणि तीन-चार वर्षं खेळतेय. अनोळखी लोकांबरोबर असले की माइक बंद ठेवते, कारण आवाज ऐकला की खेळ बाजूला राहतो आणि भलतंच सुरू होतं. तुमची सगळी चर्चा ‘तो’ची आहे. तो शौकीन, तो दर्दी, तो गडी. माझ्या स्क्वॉडमध्ये सगळे मला ‘भावा’ म्हणतात, ‘भावा कव्हर दे’, कारण त्यांना माहीतच नाही. मला कुठला शब्द देता?

पार्क चौक :

माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हा विचार यायला हवा होता, तुम्ही आणलात म्हणून आभार. शब्द तपासू. ‘चाहता’ची ‘चाहती’ होते. ‘गडी’ अडतो, त्याचं काही करता येत नाही. ‘शौकीन’, ‘रसिक’, ‘दर्दी’ तिन्ही बदलत नाहीत. ती शौकीन, तो शौकीन. ‘चाहता’पेक्षा हे बरे वाटण्याला आता आणखी एक कारण मिळालं.

खेळतानाच्या हाकेसाठी मात्र ‘भिडू’ घ्या. कॅरमला, पत्त्यांना आपण म्हणतोच, ‘ती माझी भिडू’. भिडू म्हणजे ज्याच्यावर आपला डाव टेकलेला आहे तो, आणि ती. त्यात बाई-पुरुष नाही, वय नाही, जात नाही, आणि ‘भावा’सारखं आधीच काही गृहीत धरलेलंही नाही.

माइक बंद :

भिडू चालेल. आज रात्री टाइप करून बघते, ‘भिडू, संजीवनी दे.’

जुळे सोलापूर :

मी असतो रोज दहानंतर. आमच्या स्क्वॉडमध्ये एक जागा रिकामी आहे. माइक चालू ठेवा नाहीतर बंद, तुमचं तुम्ही ठरवा.