पुन: पुन: साऊंडवाला आणि रॉटरडॅमचं कोर्ट

खजिनदार:
काल फोनवर झालं ते इथेही टाकतो, नाहीतर परत "आम्हाला कुणी विचारलंच नाही" सुरू होईल. नेदरलँड्सच्या साऊंडवाल्याला शुक्रवारपर्यंत करारावर सही हवी आहे. कोटेशनच्या पाठीमागे बारीक अक्षरात आहे: वाद झाल्यास फक्त रॉटरडॅमचं कोर्ट. आपल्या मंडळाचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम मात्र इथे जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. करू का सही?

नाना:
पाठीमागे नुसतं छापलं म्हणून ते आपल्यावर लागू होत नाही. युरोपीय न्यायालयाने 1976 मध्येच एस्टासिस सालोत्ती खटल्यात सांगितलंय की सही होते त्या मजकुरात मागच्या अटींचा स्पष्ट उल्लेख हवा. तेव्हा पुढच्या पानाची शेवटची ओळ वाच. "मागील अटी मान्य" असं असेल तर अडकलोच.

सुधाताई:
आपण कुठे व्यापारी आहोत? ग्राहकाला त्याच्या घरच्या कोर्टातच खेचावं लागतं. शिवाय जर्मन दिवाणी प्रक्रिया कायद्यात, कलम 38, बिगरव्यापाऱ्याशी अशी अट चालत नाही. माझ्या मिस्टरांच्या ऑफिसात हेच झालं होतं.

नाना:
ताई, ग्राहक म्हणजे हाडामासाचा माणूस. आपलं मंडळ नोंदणीकृत संस्था, तिला ते संरक्षण नाही. आणि 38 देशातल्या देशात. युरोपीय संघाच्या दोन सदस्य देशांमधल्या करारात संघाच्या 1215/2012 नियमावलीचं (खटला कोणत्या देशात चालणार ते ठरवणारी) कलम 25 वरचढ, म्हणजे करारात ठरवलेलं कोर्ट.

माजी अध्यक्ष:
आमच्या वेळी नाटकाच्या करारात सरळ पुण्याचं कोर्ट लिहिलं होतं. कुणाचं काही अडलं नाही.

नाना:
ते बरोबरच होतं. जर्मन कोर्टाचा निकाल भारतात थेट वसूल होत नाही, भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या कलम 44अ खाली ज्या देशांचे निकाल थेट चालतात, त्या यादीत जर्मनी नाहीच. समोरच्याचे पैसे पुण्यात, तर कोर्टही पुण्यात. इथे तसं नाही. रॉटरडॅमची ती ओळ खोडायला सांगा. खोडली की त्याच नियमावलीचं कलम 7 लागू, सेवा जिथे दिली तिथलं कोर्ट, म्हणजे आपलं ड्युसेलडॉर्फ. रक्कम 5000 युरोच्या आत आहे, तेव्हा छोट्या दाव्यांची युरोपीय पद्धतही वापरता येईल, वकिलाशिवाय. पण अट तशीच राहिली तर त्या दाव्याचा फॉर्मसुद्धा रॉटरडॅमलाच पाठवावा लागेल.

वहिनी:
कोर्टाचं होईल हो. दिवाळी पहाटेला मिक्सरवर कोण बसणार? गेल्या वेळी तबला ऐकूच येत नव्हता. आणि केटरिंगच्या करारात कृपया कुणी हात घालू नये, तो मी बघतेय.

खजिनदार:
पुढच्या पानावर "मागील अटी मान्य" आहेच. साऊंडवाला कोर्टाची ओळ खोडायला तयार आहे, पण मग निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स मागतोय. कार्यकारिणीने आज रात्रीपर्यंत हो-नाही कळवा.